उभ्या बदकांची अंडी

काकूंची बदकं पहिल्यांदा चालताना पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणी बाटल्यांना पाय लावून सोडलंय. आमच्या गोंदियाकडे गावागणिक तळी, त्यामुळे बदकं काही मला नवी नव्हती. पण आमची बदकं होडीसारखी आडवी, पोट घासत डुलत जाणारी. ही सरळ उभी. मान ताठ, पंख अंगाला चिकटलेले, रंग हरणाचा आणि त्यावर पांढरे पट्टे. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायचं म्हणजे पळतच जायचं, आणि तेही सगळ्यांनी मिळून. एक वळलं की सगळी वळणार, एक थांबलं की मागचं त्याच्यावर आदळणार. एसटी सुटेल म्हणून पिशव्या सांभाळत धावणाऱ्या बायकांसारखी.

"रनर जातीची आहेत," काकू म्हणाल्या. "जुनी जात. आता सगळीकडे मिसळ झालीय, चोख बघायला मिळत नाहीत."

काकू म्हणजे आम्ही ज्यांच्या मळ्यात राहतो त्या द्राक्षबागेच्या मालकीणबाई. माझा नवरा त्यांची पिकअप चालवतो. हंगामात द्राक्षाचे कॅरेट पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला पोचवतो, एरवी खत, कांदा, काय म्हणाल ते. लग्न झालं आणि त्याच्यामागे मी एवढ्या लांब नाशिककडे आले. तेव्हा मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटायची. शाळा सातवीतच सुटलेली, इकडची बोली वेगळी, कुणी काही विचारलं की 'हो जी' म्हणायचं आणि खोलीत जायचं, एवढंच जमायचं. ती पंपाशेजारची खोली काकूंनी दिलेली. आम्ही सामान घेऊन आलो तर आत पाण्यानं भरलेला माठ, त्यावर पालथा पेला. दुसरं काही नव्हतं खोलीत. पण मी ते पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, या बाईचं काही माझ्या हातून बिघडू नये. तेव्हापासून ही एक काळजी कायमची घरात राहायला आली.

आणि काकूंनी माझ्या हाती दिली ती नेमकी बदकं.

ती त्यांच्या माहेरची. त्यांचे वडील देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यावर माळी होते. तिथल्या साहेबांची बदली झाली तेव्हा साहेबांनी जाताना बदकांची जोडी माळीबुवांना देऊन टाकली. पुढे काकूंचं लग्न झालं, आणि त्याच बदकांची पिल्लं टोपलीत बसून त्यांच्याबरोबर या मळ्यात आली. काका अजूनही ते ऐकवायची संधी सोडत नाहीत.

"लोकांच्या बायकांनी रुखवतात कपाट आणलं, भांडी आणली. आमच्या रुखवतात बदकं. मांडवात एवढा कालवा, की मंगलाष्टकं कुणाला ऐकूच आली नाय. कोर्टात गेलो असतो तर सुटलो असतो मी."

"सुटला असतात तर आज वेलींवरच्या गोगलगाई वेचत बसला असतात," काकू म्हणायच्या.

तेही खरं. पावसाळ्यात बागेत गोगलगाई होतात, किडे होतात, आणि ही बदकं ओळीओळीनं फिरून सगळं वेचून खातात. फवारणी असली की त्यांना कोंडायचं, नसली की सोडायचं. हौदातलं पाणी बदलायचं. शेततळ्याकडे फिरकू द्यायचं नाही, कारण तिथल्या प्लास्टिकवरून पाय घसरतात आणि एकदा आत उतरलं की बदकाला वर येता येत नाही. हे सगळं माझं काम झालं. काकूंचे आईवडील आता नाहीत, भाऊ नव्हताच, कॅम्पातली माळ्याची खोलीही दुसऱ्या कुणाकडे गेली. पण सकाळी चहाचा कप घेऊन त्या कुंपणाशी उभ्या राहायच्या, तेव्हा मला कळायचं, काकू माहेरी गेल्यात. अशा वेळी मी हाक मारत नसे.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात बदकांत रोग आला. तो गेला तेव्हा तीन उरली. दोन माद्या आणि एक म्हातारा नर. थंडी पडली, माद्या अंड्यावर आल्या, आणि काकूंनी ठरवलं की या वर्षी पिल्लं काढायची. अडचण अशी की रनर बदक अंडं घालतं आणि विसरतं. त्याच्यावर बसायला त्याला वेळ नसतो, त्याला पळायचं असतं. म्हणून खुडूक कोंबडी लागते, जी कुणाच्याही अंड्यावर बसते. ती शोधू, बघू, असं आमचं चाललेलं असताना एका सकाळी नर हौदाच्या कडेला मान टाकून पडलेला दिसला. जखम नाही, काही नाही. वय झालं होतं त्याचं.

मी त्याला दोन्ही हातांवर घेऊन काकूंकडे गेले. तेवढ्या वाटेत माझ्या डोक्यात शंभर गोष्टी आल्या. पाणी फार गार होतं का, कोंड्याला वास येत होता का. काकू भांडी घासत होत्या. त्यांनी ओल्या हातानं त्याची मान सरळ केली आणि म्हणाल्या, "संपलं गं."

"माद्या आहेत ना जी अजून."

"नर कुठनं आणू? बाजारात मिळतात ते सगळे खाकी नाहीतर पांढऱ्या जातीचे. पिल्लं होतील, पण ती ही बदकं नसतील."

काका चपला घालून बाहेर निघाले होते, ते थांबले. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ हं हं केलं आणि फोन खिशात ठेवून म्हणाले, "नर गेला तरी पुढं आठवडाभर माद्या घालतील त्या अंड्यांत जीव असू शकतो, म्हणतात. ती गोळा करा." पहिल्यांदाच ते बदकांविषयी थट्टा न करता बोलले.

तो आठवडा मी उजाडायच्या आधीपासून बागेत. रनर बदक अंडं कुठं घालेल याचा नेम नाही. चारीत, वेलीच्या बुडाशी, एकदा तर पळता पळता वाटेतच. माझ्या नवऱ्याला पिकअप मागे घ्यायची म्हटलं तरी मी आधी चाकाखाली वाकून बघायची. "माझ्यासाठी कधी एवढी वाकली नाहीस," तो म्हणायचा. अंडी काकूंच्या आतल्या गार खोलीत गव्हाच्या परातीत, टोक खाली करून ठेवलेली. हिरवट पांढरी, कोंबडीच्या अंड्याहून मोठी, हाताला थोडी तेलकट लागणारी.

तेव्हा बागेत माल काढायला पेठकडून मजुरांची टोळी आली होती. त्यातल्या एक मावशी आमच्या खोलीमागच्या खोपीत राहायच्या. घरी कोंबड्या बघायला कुणी नाही म्हणून त्या दोन कोंबड्या बरोबर घेऊन आलेल्या. त्यातली काळी नेमकी खुडूक झाली होती. मी भीत भीत विचारलं.

"बदकाची अंडी?" मावशी हसल्या. "बसवू की. तिला काय ठावं कुणाची हायेत. पण बाय, होळीला आम्ही घरी जाणार. तवा कोंबडी संगं नेणार."

मी कॅरेटमध्ये गव्हाचं काड अंथरलं. मावशींनी त्याखाली एक मोठा खिळा सरकवला. वीज कडाडली की अंडी वाया जातात, खाली लोखंड असलं की जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. अंडी त्यांनी नऊच ठेवू दिली. कोंबडीच्या पोटाखाली याहून जास्त मावत नाहीत, आणि जोडीनं ठेवायची नसतात. काळी कोंबडी आली, अंड्यांकडे एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं आणि पिसं फुगवून बसली ती बसलीच.

बदक पाण्यातून येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसतं, कोंबडी कोरडीच बसते, म्हणून अंड्यांवर रोज थोडं पाणी शिंपायला लागतं. हे काकूंनी शिकवलं. मी काकांना नवीन फवारणीची बाटली मागितली, कारण मळ्यातल्या जुन्या बाटल्यांत काय काय औषधं भरलेली असतात याची मला धास्ती.

"अंड्यांना पण फवारणी?" काका म्हणाले. "जीए मारू नको म्हणजे झालं. जीएनं मणी लांब होतात. ही बदकं आधीच लांबट, अजून लांबली तर दारातून आत यायची नाय."

आठवड्यानं आम्ही अंडी पाहिली. भर दुपारी, काकू आणि मी गोधडी डोक्यावरून ओढून बसलो, आत मोबाईलची बॅटरी लावली. घाम नुसता टपकत होता. बाहेरून काका विचारत होते की वाफारा घेताय का. पहिलं अंडं बॅटरीवर धरलं आणि आत लाल जाळं दिसलं, मधे एक काळा ठिपका. ठिपका हलला. काकूंनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांनी एवढं दाबलं की बांगडी रुतली. एक अंडं नुसतंच पिवळं, कोरं निघालं, ते बाजूला काढलं. बाकी आठांत जाळं होतं.

यानंतर खरं म्हणजे मी निश्चिंत व्हायला हवं होतं. पण माझ्या स्वभावाला ते जमत नाही. जे नाही त्याची भीती कमी, जे आहे त्याची जास्त. कोंबडी खाली उतरून दाणे टिपायला गेली की मी अंड्यांपाशी उभी, ती उशिरा परतली की मी तिला शोधत वेलींत. दर दिवशी अंडी हातानं फिरवायची, कारण एवढी मोठी अंडी तिला नीट फिरवता येत नव्हती. ती माझ्या हाताला चोच मारायची. उजव्या हाताला सगळीकडे बारीक लाल खुणा. मला त्या आवडायला लागल्या होत्या.

कोंबडीच्या अंड्यांना तीन आठवडे लागतात, बदकाच्या अंड्यांना चार. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी तीन आठवडे झाले तसं मावशी येऊन कॅरेटपाशी बसायला लागल्या. सवयच तशी. "माझ्या कोंबडीची आतापर्यंत पिलं निघून हिंडाय लागतात," त्या म्हणायच्या. आणि मग एका दुपारी, होळीला थोडेच दिवस राहिलेले असताना, कोंबडीच्या खालून फट्ट आवाज झाला आणि असा वास सुटला की मावशी पदर नाकाला लावून बाहेर पळाल्या. एक अंडं फुटलं होतं. आत हिरवट काळं पाणी.

मी काड बदललं, बाकीची अंडी कोरड्या फडक्यानं पुसली, हात साबणानं तीनदा धुतले, वास जाईना. आता बाकी सातही अशीच असतील. बॅटरी लावून पाहिली तर जाळं नाही, काही नाही, नुसता काळोख. अंड्याच्या जाड बाजूला थोडा उजेड आणि बाकी सगळं काळं. तेव्हा मला कोण सांगणार, की आत पिल्लू भरलं की असंच काळं दिसतं. काकूंनीही घरी अंडी कधी बॅटरीवर बघितलेली नव्हती. त्यांच्या वडलांच्या वेळी कोंबडी बसवायची आणि देवावर सोडायचं.

मी आईला फोन लावला. नाशकात आल्यापासून कशाचंही काही झालं की मी आईला फोन लावते, आणि आई आधी ओरडते.

"काऊन रडून राह्यली? धान कसं पायतो आपण? पान्यात टाकून. तसंच पाय."

आमच्याकडे पेरणीआधी धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. चांगलं बी तळाला बसतं. जे तरंगतं ते पोचट, ते काढून टाकायचं. लहानपणापासून ते काम माझंच. वर आलेलं पोचट धान ओंजळीनं काढायचं, कोंबड्यांना घालायचं. मी मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्यातबी तसंच. भात तरंगला का टाकायचा." काकू म्हणाल्या, "अंड्याचंही तेच गं. स्वयंपाकाला घेताना आपण बघतो ना पाण्यात टाकून. तरंगलं की नासलं." म्हणजे गोंदियाकडचं धान, पेठकडचा भात आणि नाशिकचं स्वयंपाकघर, तिघांचं एकच मत पडलं.

खोलीसमोर बादली ठेवली. पाणी पंपाच्या काळ्या पाइपातून घेतलं. पाइप सकाळपासून उन्हात पडलेला, पाणी चांगलं कोमट आलं. मी एकेक अंडं हळूच सोडलं.

सगळी तरंगली. सातही. एकसुद्धा तळाला गेलं नाही.

मावशींनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. काकू ओट्यावर बसल्या. पदराच्या टोकाला पीळ घालत साध्या आवाजात म्हणाल्या, "उकिरड्यावर नको टाकू. कुत्री ओढतील. निंबाखाली खड्डा कर."

मी फावडं आणायला गेले. फावडं औजारांच्या खोलीत दाराशीच असतं, मला ते सापडेना. समोर होतं आणि दिसत नव्हतं. घेऊन परत आले तर मावशी बादलीवर वाकलेल्या.

"बाय, हे हलतंय का?"

एक अंडं थरथरत होतं. वाऱ्यानं, असं मला वाटलं. पण वारा नव्हता. मग लक्षात आलं की चार पावलांवर माझ्या नवऱ्याची पिकअप चालू उभी आहे, कॅरेट भरून पिंपळगावला निघायच्या तयारीत, आणि त्या इंजिनानं ओटा, बादली, सगळंच हलतंय.

"अहो, गाडी बंद करा."

"उशीर झालाय गं. गेटवर रांग असेल."

"बंद कर आधी," काकू म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं चावी फिरवली आणि उतरून तोही आला. मागून काका आले, हातात कात्री तशीच. पाणी हळूहळू स्थिर झालं. आम्ही पाचजण एका बादलीभोवती वाकून उभे. मी श्वासही बेतानं घेत होते, पाण्यावर फुंकर जाऊ नये म्हणून.

अंडं हललं. आधी थोडं, मग झोपेत कुणी कूस बदलावी तसं एका बाजूला कललं आणि पुन्हा सरळ झालं. त्याच्याभोवती पाण्यावर एक बारीक वर्तुळ उमटलं आणि बादलीच्या कडेला जाऊन विरलं. मग पलीकडचं हललं. मग आणखी एक.

"आत माणूस हाय," काका म्हणाले.

माझ्या हातात अजून फावडं होतं. नवऱ्यानं ते काढून घेतलं, बरं झालं, नाहीतर मी ते बादलीतच टाकलं असतं.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की पिल्लू भरत आलं की अंड्याच्या जाड बाजूला हवेची जागा वाढते, म्हणून ते तरंगतं. बी वेगळं आणि अंडं वेगळं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग? पान्यात टाकलं म्हनूनच समजलं ना?"

पण तेव्हा हे ऐकत बसायला वेळ नव्हता. अंडी पाण्यातून काढून मऊ फडक्यावर टिपली, कॅरेटमध्ये ठेवली, आणि पाहिलं तर कोंबडी नाही. वास आणि आमची गर्दी बघून ती वेलींत जाऊन माती उकरत बसली होती. मी तिच्यामागे धावणार, तेवढ्यात मावशींनी मला दंडाला धरून खाली बसवलं.

"धावलीस तर ती नाय यायची. तू नवी सासू हायेस का तिची? बस गप."

आम्ही सगळे लांब, पंपाच्या भिंतीला टेकून बसलो. पिकअप उभीच. कोंबडीनं आणखी थोडी माती उकरली, उगाच एक काडी उचलून टाकली, मग जणू आपल्याच मनात आलं असं दाखवत चालत कॅरेटपाशी आली. एका डोळ्यानं पाहिलं, दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. बसली. काकांना हाताशी घेऊन नवऱ्यानं गाडी उतारावर ढकलत लांब नेली आणि मग चालू केली.

होळीच्या आदल्या दिवशी टोळी निघाली. मावशींनी आपलं गाठोडं बांधलं, दुसरी कोंबडी टोपलीत घातली, आणि काळीसमोर उकिडवं बसून तिच्याशी काहीतरी बोलल्या. मी म्हटलं, "मावशी, तुमची कोंबडी."

"राहू दे. अर्ध्यातून बाळंतिणीला उठवत्यात का? पुढच्या सालाला येईन तवा नेईन." मी पाया पडले तर म्हणाल्या, "माझ्या काय पडतेस, तिच्या पड." मी खरंच पडले असते, पण कोंबडीनं चोच काढली.

चार आठवडे भरले त्या दिवशी एका अंड्यावर टाचणीएवढा तडा दिसला. अंड्यातून आवाज यायला लागला, चीं चीं, लांब कुठंतरी कोणी दार ठोठावतंय तसा. मला वाटलं आता पाच मिनिटांत बाहेर. अख्खा दिवस गेला, तडा तेवढाच. मी काकूंकडे जाऊन म्हटलं, "थोडं कवच काढू का जी? गुदमरेल ते."

"हात लावायचा नाही. रक्त येतं. ते आत बसून दम घेतं आणि मग फिरतं. त्याचं त्याला येऊ दे."

"पण आवाज कमी झालाय."

"झोपलं असेल. तू पण झोप."

तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकूंनी मला लसूण सोलायला बसवलं. दोन दिवसांत त्या घरातला वर्षभराचा लसूण सोलून झाला. काका जेवताना म्हणाले, "आज वरणात लसूण हाय का लसणात वरण?"

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅरेटपाशी गेले तर कोंबडीच्या पंखाखालून एक ओलं, पिवळट डोकं बाहेर आलेलं. चपटी चोच, आणि माझ्याकडे असं बघत होतं जसं मीच उशिरा आले. संध्याकाळपर्यंत सहा झाली. सातवं अंड्यातच गेलं. त्याला मी निंबाखाली नेलं.

पिल्लं वाळली तशी उभी राहिली. सरळ उभी. एवढीएवढीशी, करंगळीएवढी मान, पण ताठ. काकूंनी एकाला तळहातावर घेतलं, डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर अगदी आमच्या..."

कोंबडीचे हाल मात्र सुरू झाले. पिल्लांनी चौथ्या दिवशी हौद बघितला. सगळी एकदम आत. कोंबडी काठावर नाचते, ओरडते, पंख आपटते, माझ्याकडे बघते, जणू काही मी पोलिसांना बोलवावं. पिल्लं आपली मजेत. मलाही आत उडी मारावीशी वाटत होती, म्हणून मी तिच्या शेजारी बसले. आमच्या दोघींचा स्वभाव सारखा.

पण काकूंचं काम अजून झालं नव्हतं, आणि हे मला त्यांनी नंतर सांगितलं, म्हणजे मी घाबरू नये म्हणून. पिल्लांत एक तरी नर हवा. नाहीतर सहा माद्या वाढतील, अंडी घालतील, आणि त्यांच्याबरोबर सगळं संपेल. रनरची पिल्लं लहानपणी सारखीच दिसतात. कळतं ते आवाजावरून. दोनअडीच महिन्यांनी आवाज फुटला की मादी मोठ्यानं क्वॅक क्वॅक करते. नराला ते जमत नाही. तो घोगरा, घसा बसल्यासारखा बोलतो.

झालं. आता रोज कान लावायचं काम. एप्रिलची खरड छाटणी झाली, बाग बोडकी झाली, आणि पिल्लं त्या ओळींमधून पळायला लागली. एका सकाळी एकीनं तोंड उघडलं आणि अख्ख्या मळ्याला ऐकू जाईल असं ओरडली. काकू म्हणाल्या, "ही बाई." दोन दिवसांनी दुसरी. तीही बाई. मग तिसरी, तिचा आवाज तर असा की काका आतून म्हणाले, "ही माझ्या आत्याबाईची कोण?"

उरलेली तीन अजून चीं चीं करत होती. त्यानंतर काकू कुंपणाशी कमी यायला लागल्या. चहा आतच घ्यायच्या. मी दाणे टाकताना तिघांपैकी एकेकाला धरून कानापाशी न्यायची आणि ते माझ्या केसांत चोच खुपसायचं.

एक दिवस ओला कोंडा घेऊन गेले. सगळी धावत आली, माझ्या पायावर आदळली, आणि गर्दीत मागे पडलेल्या एकानं मान उंच केली. आवाज आला तो मी आधी बदकाचा मानलाच नाही. कुणीतरी सर्दी झालेला माणूस कानात बोलतोय असा. ख्ख, ख्ख. मी तसंच त्याला उचललं आणि पळाले. काकू चपात्या करत होत्या. पिठाच्या हातांनीच त्यांनी त्याला घेतलं.

"बोल," मी बदकाला म्हटलं.

तो बोलेना. इकडेतिकडे बघत होता. काकूंनी त्याची मान गालाजवळ घेतली, आणि मग तो बोलला, अगदी हळू, घोगरा. तव्यावरची चपाती जळली. आम्हाला दोघींना ते कळलं, पण कुणीच गॅस बंद करायला गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात उरलेल्या दोघांचाही घसा बसला. एक नर हवा होता, तीन मिळाले. काका हिशेब मांडून बसले. "तीन नर, तीन माद्या, वर म्हाताऱ्या दोन. एवढे नर ठेवले तर माद्यांची पिसं राहायची नाय. एक ठेवू, दोन कुणाला तरी देऊ. मागत्यात लोक."

काकू बदकांना हौदाकडे नेत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "एकावर राहून झालंय आपलं. आता तिघंही राहतील."

"मग दुसरं कुंपण घालावं लागंल."

"घाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते उठले, टोपी झटकली आणि जाळी कुठं ठेवलीय ते मला विचारलं. मी म्हटलं, "औजारांच्या खोलीत दाराशीच आहे जी," आणि खांब धरायला त्यांच्यामागे निघाले.